टाइप-सी केबल: लॅपटॉप हळू चार्ज होतो, कॉपी रखडते, दोष नेमका कुठे?

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एक प्रश्न ठरलेला असतो. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर रात्रभर ढोलपथकं शूट करून आलेलं कुणीतरी विचारतं, "नवी एसएसडी घेतलीये, खोक्यावर सेकंदाला १००० एमबी लिहिलंय आणि कॉपी चाललीये ३८ ने. डुप्लिकेट माल गळ्यात पडला का?" उरलेल्या वर्षभर दुसरा प्रश्न असतो: "हिंजवडीला ऑफिसात लॅपटॉप भराभर चार्ज होतो. घरी मात्र चार्जिंगला लावून मीटिंग केली तरी बॅटरी उतरतच जाते. चार्जर बदलू का?"

दोघांनाही उत्तर एकच: डिस्क परत करू नका, चार्जर बदलू नका, आधी मधली केबल बदलून बघा. केबलकडे शेवटी लक्ष जातं, कारण ती दिसायला सगळीकडे सारखीच. दोन्ही टोकांना तीच लंबगोल पिन, उलटी-सुलटी कशीही लागणारी. ती पोर्टमध्ये बसली म्हणजे चालली, असं आपण धरून चालतो. ती चालतेही, पण किती वेगाने आणि किती वॉट वाहून नेत, हे बाहेरून कळायला बहुतेकदा काहीच मार्ग नसतो.

त्यामुळे आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. केबलची चार्जिंगची ताकद आणि डेटाचा वेग हे दोन वेगळे गुण आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. २४० वॉट लिहिलेली जाडजूड केबल डेटाच्या बाबतीत २००० सालच्या यूएसबी २.० एवढीच संथ असू शकते. अ‍ॅपलची २४० वॉटची दोन मीटरची चार्जिंग केबल तशीच आहे. कंपनी ते लपवत नाही, फक्त खोक्यावरचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. उलट बाजूने, १० गिगाबिटची छान डेटा केबल ६० वॉटच्या पुढे जात नाही असंही होतं.

आत काय असतं

टाइप-सीच्या पोर्टमध्ये २४ बारीक संपर्क असतात. त्या सगळ्यांना केबलमध्ये तारा असल्याच पाहिजेत असं बंधन नाही. साध्या चार्जिंग केबलमध्ये वीज आणि अर्थिंगच्या तारा, चार्जर आणि लॅपटॉपला आपसात बोलायला एक तार आणि जुन्या यूएसबी २.० ची एक जोडी, एवढंच असतं. वेगवान केबलमध्ये याशिवाय आणखी चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीला वेगळं आवरण. त्या चार जोड्या नसतील तर डिस्क कितीही भारी असो, वेग यूएसबी २.० वरच येतो. मॉनिटर लावला तर तोही काळाच राहतो, कारण चित्र याच जोड्यांमधून जातं. "एचडीएमआयने चालतो, टाइप-सीने नाही" अशी तक्रार असेल आणि लॅपटॉपच्या पोर्टमधून डिस्प्ले निघतो हे नक्की माहीत असेल, तर सोबत आलेली चार्जिंग केबल डेस्कवरून बाजूला काढा आणि वेगवान केबल लावा. बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

कॉपी रखडते तेव्हा आकडा वाचा

मोठी एकच फाइल कॉपीला लावा. दहा-वीस जीबीचा व्हिडिओ चांगला. हजारो छोटे फोटो घेऊ नका, त्यांचा वेग वेगळ्या कारणाने कमी येतो. आता कॉपीच्या खिडकीत दिसणारा आकडा बघा.

तो ३५ ते ४० एमबीच्या आसपास अडकला असेल तर जोडणी यूएसबी २.० वर झाली आहे, यात शंका ठेवायचं कारण नाही. तिथला कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठाने भागून (आठ बिटांचा एक बाइट) ६० एमबी, आणि व्यवहारात पदरात पडतात ते चाळीसच्या आत. ४०० च्या वर असेल तर ५ गिगाबिटची जोडणी मिळाली आहे. ९०० ते १००० म्हणजे १० गिगाबिट. २५६ जीबीचं अख्खं कार्ड ३८ च्या वेगाने उतरवायला पावणेदोन तासांच्या वर लागतात. तेवढाच डेटा एसएसडीवरून ५ गिगाबिटने दहाएक मिनिटांत आणि १० गिगाबिटने पाच मिनिटांच्या आत येतो. लग्नसराईत रोज दोन कार्यक्रम करणाऱ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

पण आकडा ८०-९० वर अडकला असेल तर केबलला दोष देऊ नका. कॅमेऱ्याच्या साध्या यूएचएस-१ वर्गाच्या मेमरी कार्डाची मानकातली कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे, यूएचएस-२ ची ३१२. तिथे ४० गिगाबिटची केबल लावूनही काही हलणार नाही. फिरणाऱ्या तबकडीची छोटी पोर्टेबल हार्ड डिस्कही शंभर-सव्वाशेच्या घरातच राहते. आणि एसएसडी सुरुवातीला ९०० ने धावून पन्नास-साठ जीबीनंतर धपकन खाली आली, तर तो डिस्कच्या आतला प्रकार आहे: वेगवान कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवायची जागा, भरली, आता ती मूळ वेगाने लिहिते आहे. स्वस्त एसएसडीत हे फार होतं. केबलचा दोष असता तर वेग पहिल्या सेकंदापासून कमी दिसला असता.

आता ३८ वाल्यांसाठी. केबल काढा, एका टोकाची पिन उलटी करून परत लावा. एका बाजूने वेग येतो आणि दुसऱ्या बाजूने येत नाही असं झालं, तर पोर्टच्या किंवा पिनेच्या एका बाजूचे संपर्क खराब आहेत किंवा त्यांत कचरा आहे. वेगवान जोड्या पिन कशी लावली त्यानुसार बदलतात, म्हणून हा फरक पडतो. पुण्यात जिथे बघावं तिथे बांधकाम चालू, आणि लॅपटॉप फिरतो स्कूटरवर पाठीवरच्या सॅकमधून. पोर्टमध्ये धूळ आणि सॅकच्या अस्तराची लव घट्ट बसलेली असते. लॅपटॉप पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई, टाचणी, हेअरपिन नको; मधली पट्टी नाजूक असते आणि ती गेली की बोर्डचा खर्च.

दोन्ही बाजूंनी ३८ च येत असेल तर डिस्कसोबत खोक्यात आलेली आखूड केबल लावून बघा. ती सापडत नसते, हे मान्य. पण एसएसडीसोबत मिळणारी केबल बहुधा डिस्कच्या वेगाला पुरेशी असते, म्हणून ती सापडेपर्यंत शोधण्यात अर्थ आहे. तिनेही नाही झालं तर लॅपटॉपचं दुसरं पोर्ट. एकाच लॅपटॉपवर दोन टाइप-सी पोर्ट असतात आणि दोघांचा वेग सारखा नसतो, असं सर्रास आढळतं. पोर्टशेजारी बाण असलेल्या विजेची खूण म्हणजे थंडरबोल्ट, टाइप-सीतलं सगळ्यात वेगवान पोर्ट. एसएस आणि पुढे १० म्हणजे १० गिगाबिट. काहीच छापलेलं नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर बघावं लागतं.

फोनवरून कॉपी करणाऱ्यांसाठी वेगळी नोंद. आयफोन १५ आणि १६ च्या साध्या मॉडेलना टाइप-सी आहे, पण वेग यूएसबी २.० चाच, १० गिगाबिट फक्त प्रो मॉडेलना. त्यांच्यासोबत येणारी केबलही २.० चीच असते, म्हणजे प्रो घेऊनही केबल वेगळी घ्यावी लागते. कमाल आहे, पण आहे तसं आहे.

डिस्क मध्येच गायब होते

कॉपी ६० टक्क्यांवर आणि डिस्क नाहीशी. इथे तीन संशयित: फार लांब केबल, एक्स्टेंशन आणि हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी. वेग वाढतो तशी केबलची लांबी आखडत जाते. साध्या, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेल्या केबलमध्ये ५ गिगाबिट साधारण दोन मीटरपर्यंत, १० गिगाबिट एक मीटर आणि ४० गिगाबिट ०.८ मीटर. तीन मीटरची साधी केबल विकणारा "टेन जीबीपीएस" म्हणत असेल तर हसून पुढे जा. टाइप-सीची एक्स्टेंशन केबल तर मानकात बसतच नाही. बाजारात मिळते, चालल्यासारखी वाटते, आणि नेमकी मोठ्या कॉपीत दगा देते. डिस्क नेहमी आखूड केबलने थेट लॅपटॉपला लावा. हबमध्ये माउस आणि कीबोर्ड राहू द्या.

चार्जिंग: ६० चा उंबरठा

टाइप-सी ते टाइप-सी कुठलीही धड केबल ३ अँपिअर वाहून नेते. २० व्होल्टला ते ६० वॉट होतात. त्याच्या वर जायचं असेल तर केबल ५ अँपिअरची हवी आणि तिच्या पिनेत ई-मार्कर नावाची एक छोटी चिप हवी. चार्जर वीज सोडण्यापूर्वी त्या चिपला विचारतो, तुझी क्षमता किती? उत्तर आलं नाही तर तो ३ अँपिअरवरच थांबतो. ही सुरक्षेची सोय आहे, बिघाड नाही. त्यामुळे १०० वॉटचा चार्जर आणि १०० वॉट मागणारा लॅपटॉप, मधे फोनची केबल, असं असलं की मिळतात फक्त ६०. साध्या कामाला तेवढे पुरतात. व्हिडिओ रेंडर लावला, स्क्रीन पूर्ण उजेडावर नेली की मागणी त्याच्या वर जाते आणि उरलेली भर बॅटरी घालते.

६५ वॉटच्या चार्जरचं गणित गमतीचं आहे: २० गुणिले ३.२५. म्हणजे तोही ३ अँपिअरच्या किंचित वरच. साध्या केबलने पाच वॉट कमी मिळतील, जे तुम्हाला जाणवणारही नाहीत, पण काही लॅपटॉप तेवढ्यावरूनही "हळू चार्जर" अशी सूचना दाखवतात. ती दिसली म्हणून घाबरायचं काही नाही.

आता घरात सगळ्यात जास्त आढळणारं कारण, आणि यात केबल निर्दोष असते. चार्जरला दोन-तीन पोर्ट आहेत, एकात लॅपटॉप, दुसऱ्यात कुणीतरी फोन लावला. ६५ वॉट एकट्या पोर्टचे होते. दोन लावले की बरेच चार्जर ४५ आणि २० अशी वाटणी करतात. फोन लावताना किंवा काढताना लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटून परत जोडलं जातं, कारण वाटाघाटी नव्याने होतात. "मधूनच चार्जिंग जातं" या तक्रारीत आधी विचारा, त्याच चार्जरवर आणखी काय लावलंय? घरी उत्तर बहुधा "आईचा फोन" असं येतं.

हबमधून चार्ज करत असाल तर हब आपला वाटा काढून घेतो. १०० वॉटचा म्हणवणारा हब लॅपटॉपपर्यंत ८५ च्या आसपास पोचवतो. आणि तो १०० तेव्हाच, जेव्हा मागे १०० चा चार्जर आणि ५ अँपिअरची केबल दोन्ही असतील.

फोनच्या चार्जरने लॅपटॉप का होत नाही? त्यावर ६७, ८०, १०० असे आकडे छापलेले असतात खरे, पण अनेकदा ते त्या कंपनीच्या खास पद्धतीचे असतात आणि तिच्याच फोनपुरते. लॅपटॉपला लागतं ते पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सगळ्या कंपन्यांची सामाईक पद्धत. चार्जरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुटच्या ओळीत २० व्होल्ट आणि पुढे ३ ते ५ अँपिअर दिसलं तर कामाचा. ५, ९ आणि १२ व्होल्टवर यादी संपली तर तो फोनचाच. चार्जरकडचं टोक जुनं चपटं यूएसबी-ए असेल तर विषयच संपला. मानकाप्रमाणे त्या वाटेने ५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉटच्या वर काही येत नाही.

या ए ते सी केबलींनी एके काळी खरा धुमाकूळ घातला होता. आतला एक रेझिस्टर ५६ किलोओहमचा हवा, तो भलताच टाकला की फोन समोरच्या पोर्टकडून त्याच्या कुवतीबाहेर करंट ओढायचा. गूगलमधले अभियंते बेन्सन लियुंग यांनी २०१५ पासून अ‍ॅमेझॉनवरच्या अशा केबली एकेक करून तपासायला घेतल्या. २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉपच जाळला; आत तारांची जोडणीच उलटी होती. त्यानंतर अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला मनाई केली. रस्त्यावरच्या हातगाड्यांना ती मनाई अर्थातच लागू नाही.

गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी एक समजून घ्या. ज्याच्यासोबत २०० वॉटचा वीटभर अडॅप्टर आला, तो टाइप-सीवर बहुधा १०० पर्यंतच घेतो. त्यावर ब्राउझर चालेल, गेम खेळताना बॅटरी उतरणारच. केबल बदलून ते बदलणार नाही. आणि काही लॅपटॉपचं टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतच नाही, फक्त डेटाचं असतं. पोर्टशेजारी प्लग किंवा बॅटरीची खूण आहे का ते बघून मगच पैसे खर्च करा.

आकडा कुठे दिसतो

मॅकवर सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये पॉवरच्या पानावर चार्जर किती वॉटचा मिळाला ते येतं, आणि यूएसबीच्या पानावर जोडलेल्या वस्तूचा वेग. विंडोजवर वॉटचा आकडा सहज मिळत नाही, पण सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ आणि डिव्हाइसेसच्या आत यूएसबी उघडा. हळू चार्जिंग होत असेल तर सूचना देण्याचा पर्याय तिथे असतो, तो चालू ठेवा. लिनक्सवाल्यांना आज्ञा पाठ असते; उत्तरात ४८०एम दिसलं की काय समजायचं ते वर आलंच आहे.

याहून बरं म्हणजे केबल आणि लॅपटॉपच्या मधे लागणारा छोटा यूएसबी मीटर. व्होल्ट, अँपिअर, वॉट तिन्ही दाखवतो. टाइप-सीचा आणि पीडी चालणारा घ्या. ऑफिसात चार-सहा लोकांचे लॅपटॉप बघायची जबाबदारी तुमच्यावर असेल तर हा टेबलाच्या खणात असावाच. वादावादी एका मिनिटात मिटते. हल्ली काही केबलींच्या पिनेतच वॉट दाखवणारा डिस्प्ले असतो. तोही चालेल, पण तो वॉट दाखवतो, डेटाचा वेग नाही.

विकत घेताना

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत किंवा डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत केबलींचे ढीग असतात. तिथे "फास्टवाली द्या" म्हणालात तर दुकानदार वॉटची केबल देईल, कारण गिऱ्हाईक बहुतेक फोनसाठी येतं. तुम्ही दोन आकडे मागा: "किती वॉट आणि किती जीबीपीएस?" दुसऱ्या प्रश्नाला "डेटा पण होतो साहेब" असं उत्तर आलं तर ती यूएसबी २.० समजा. ४८० एमबीपीएस छापलेलं असेल तरी तेच. आकडा मोठा दिसतो एवढंच.

३.०, ३.१, ३.२ या नावांच्या नादी लागू नका. ५ गिगाबिटचं तेच जुनं मानक आधी ३.० होतं, मग ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. म्हणजे "३.२" लिहिलेल्या पाकिटात ५, १० किंवा २० गिगाबिट काहीही निघू शकतं. २०२२ पासून यूएसबीच्या संघटनेनेच आकड्यांची खूण आणली: वेग गिगाबिटमध्ये आणि ताकद ६० किंवा २४० वॉटमध्ये. ती पाकिटावर आणि पिनेवर असेल तर निर्धास्त घ्या. १०० वॉटची पायरी नव्या मानकाने काढून टाकली, त्यामुळे नवी घेताना थेट २४० चीच घ्या. मोठ्या वॉटची केबल किंवा चार्जर लावल्याने लॅपटॉप जळत नाही. तो लागेल तेवढंच मागून घेतो.

भारतीय मानक ब्युरोनेही (बीआयएस) २०२३ च्या जानेवारीत टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं, आणि युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं. यामुळे भोकं एकसारखी झाली, पण केबलीच्या आत काय भरलंय हा प्रश्न जिथल्या तिथे आहे. चार्जर घेताना मात्र त्याच्या अंगावर बीआयएसची खूण आणि आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक नक्की बघा.

आता माझं मत. सगळं करणारी एकच केबल शोधत बसू नका. दोन घ्या. चार्जिंगला २४० वॉटची, यूएसबी २.० चीच, दोन मीटरची: मऊ असते, सोफ्यापर्यंत पोचते, स्वस्तही पडते. डेटाला १० गिगाबिटची, एक मीटरच्या आतली, डिस्कच्याच पाउचमध्ये कायमची. एकाच केबलने मॉनिटर, चार्जिंग आणि डिस्क सगळं डॉकला, म्हणजे टेबलावरच्या मोठ्या हबला, जोडायचं असेल तेव्हाच ४० गिगाबिटची, यूएसबी४ किंवा थंडरबोल्ट ४ लिहिलेली घ्या. ती महाग असते, ताठ असते आणि रोज सॅकमध्ये गुंडाळून न्यायची वस्तू नव्हे. घरी आणल्यावर दोन्हींना चिकटपट्टी लावून आकडे लिहा, नाहीतर आठवड्यात डेटाची केबल फोनला लागलेली दिसेल.

ऑफिसातून कुणी जुनी थंडरबोल्ट ३ ची दोन मीटरची केबल देत असेल तर जरा जपून. लांब पल्ल्याच्या त्या केबलींमध्ये सिग्नल वाढवणारी चिप असते आणि बहुतेकींत ती फक्त थंडरबोल्टची भाषा जाणते. साधी यूएसबी एसएसडी लावली की परत तेच ३८. थंडरबोल्ट ४ मध्ये हा घोळ दूर केला आहे.

हे सगळं करूनही चार्जिंग तुटतच असेल, केबल बदलली तरी पिन सैल वाटत असेल, किंवा ठरावीक कोनात धरल्यावरच चालत असेल, तर पोर्टच गेलं आहे. अनेक लॅपटॉपमध्ये ते छोट्या वेगळ्या बोर्डवर असतं आणि तेवढाच बोर्ड बदलता येतो. काहींत मुख्य बोर्डलाच डाग दिलेला असतो. दुरुस्तीला टाकण्याआधी हे विचारून घ्या, खर्चात मोठा फरक पडतो. आणि लॅपटॉपसोबत चार्जर आणि केबल दोन्ही न्या, म्हणजे तिथे त्यांच्या चार्जरवर नीट चालून घरी आल्यावर पुन्हा पहिलेच पाढे नकोत.